अँटिबायोटिकची रिॲक्शन कशी नोंदवावी : सोलापुरातील इंटर्न डॉक्टरांसाठी

मोहोळ किंवा अक्कलकोटहून सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात आलेल्या रुग्णाच्या जुन्या केसपेपरवर ‘अँटिबायोटिकची ॲलर्जी’ एवढेच लिहिलेले असले, की पुढचा डॉक्टर धास्तीने पेनिसिलिनचा सगळा गटच टाळतो आणि जेथे अमॉक्सिसिलिनने भागले असते तेथे सेफ्ट्रिॲक्सोन सुरू करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अमॉक्सिसिलिन ‘ॲक्सेस’ (आधी वापरायच्या औषधांच्या) गटात, तर सेफ्ट्रिॲक्सोन आणि अझिथ्रोमायसिन ‘वॉच’ (जपून वापरायच्या औषधांच्या) गटात आहेत, कारण या दोन्हींच्या वापराने प्रतिरोध, म्हणजे जिवाणू औषधाला न जुमानणे, वाढण्याचा धोका अधिक आहे. अर्धवट नोंद अशी जिवाणूंच्या पथ्यावर पडते.

म्हणून आधी नीट विचारावे. नातेवाइकांना गोळ्यांची रिकामी पट्टी आणायला सांगावे. रुग्ण तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल तर वॉर्डातील जाणकाराची मदत घ्यावी. गोळीनंतर मळमळले किंवा जुलाब झाले, तर तो बहुधा दुष्परिणाम असतो, ॲलर्जी नव्हे. मात्र तासाभरात अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर ती बाब गंभीरपणे घ्यावी आणि उपचार आधी करावेत.

त्यानंतर औषधांच्या दुष्परिणामांवर देशभर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा संशयित रिॲक्शनचा फॉर्म भरावा. रुग्णाची आद्याक्षरे व वय, रिॲक्शनचे वर्णन व तारीख, संशयित औषध आणि नोंदवणाऱ्याचा तपशील यांशिवाय तो स्वीकारला जात नाही. मात्र मात्रा, बॅच क्रमांक, सोबतची इतर औषधे आणि औषध थांबवल्यावर त्रास ओसरला का, हेही लिहावे, कारण रिॲक्शन त्या औषधानेच झाली का, हा निर्णय पुष्कळदा याच तपशिलावर ठरतो. संशय पुरेसा आहे, पुरावा मागितला जात नाही; फॉर्म भरणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे, हे वरिष्ठांच्या भीतीने गप्प राहणाऱ्या प्रत्येक इंटर्नने पक्के ध्यानात ठेवावे. फॉर्म महाविद्यालयाच्या फार्माकॉलॉजी विभागात द्यावा किंवा १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. ही माहिती गाझियाबादच्या राष्ट्रीय समन्वय केंद्रात एकत्र होते. जिवावर बेतलेली किंवा रुग्णालयात दाखल करावी लागलेली रिॲक्शन डिस्चार्जपर्यंत थांबवून ठेवू नये.

शेवटी डिस्चार्ज कार्डावर ‘सेफ्ट्रिॲक्सोन १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत अंगभर पित्त, धाप नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि तीच ओळ मराठीत वेगळ्या चिठ्ठीवर रुग्णाच्या हाती देऊन, ती गावच्या डॉक्टरांना व मेडिकलवाल्यालाही दाखवायला सांगावे.