उधाणाआधी खारबांधातली बिळं बुजवा

मे महिन्यात खारबांधावर, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावर, फेरी हवीच. एक ओहोटीला, एक भरतीला. जूनपासून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, पाऊस आणि वारा एकत्र येतात, तेव्हा मातीचा बांध खरा ताण सोसतो. पाणी माथ्यावरून गेलं तरच खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, असं नाही. पुष्कळदा सुरुवात चिंबोरीच्या किंवा घुशीच्या बिळातून होते.

बीळ आरपार असावंच लागतं असंही नाही. खाडीकडून चिंबोरीचं, शेताकडून घुशीचं बीळ आलं आणि मधे थोडीच माती उरली, तरी भरतीचं पाणी तिच्यातून झिरपतं, बारीक माती सोबत नेतं आणि पोकळी वाढत जाते. म्हणून भरतीला शेताकडच्या पायथ्याशी ओल धरते का पाहा. झिरपा नितळ असेल तर खूण करून लक्ष ठेवा. गढूळ असेल तर बांध आतून पोखरतो आहे. पुढच्याच ओहोटीला कामाला लागा.

तोंडात ढेकूळ कोंबून भागत नाही. बीळ शेवटापर्यंत खणून उघडा, ओलसर चिकणमाती वीतभर थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. मातीत पेंढा मिसळू नका, तो कुजला की पुन्हा पोकळी. माती पायथ्यालगतची काढू नका. बिळात कीटकनाशक तर मुळीच नको: पोकळी तशीच राहते आणि विष खाडीत, कोलंबी-मासळीत उतरतं.

बांधाबाहेरच्या खाजणातली, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलातली, बिळं मात्र तशीच राहू द्या. चिंबोऱ्या आणि निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) चिखल उकरतात, त्यामुळे तो थोडा सैल होतो हे खरं. पण त्याच बिळांतून तिवरांच्या (कांदळवनातल्या झाडांच्या) मुळांपाशी हवा-पाणी खेळतं, काही किड्यांच्या चिकट नळ्या गाळ धरून ठेवतात आणि वाढलेली तिवरं लाटेचा जोर बांधाआधीच मोडतात. बांधाला माती हवी म्हणून ती झाडं काढणं म्हणजे आपलाच आडोसा घालवणं, शिवाय 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार कांदळवन तोडण्यास बंदी आहे.

भर पावसात झिरपा वाढलाच, तर मातीची पोती आधी खाडीकडच्या तोंडावर टाका. फक्त शेताकडून तोंड दाबलं, तर पाणी शेजारून वाट काढतं. उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडण्याच्या दाराची) झडपंही तेव्हाच तपासा.