ब्रिटनमधील गावांचे जुने फोटो आणि आठवणी : सन ठरवताना या चुका टाळा

आजोबा किंवा पणजोबा बॅरिस्टर होण्यासाठी, डॉक्टरीच्या पुढील परीक्षांसाठी विलायतेला गेले होते, अशी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि अशा घरांच्या माळ्यावरील ट्रंकेत इंग्लंडमधील एखाद्या गावाची बाजारपेठ, चर्च किंवा समुद्रकिनारा दाखवणारी पोस्टकार्डे हमखास सापडतात. १९२४ आणि १९२५ साली वेम्बली येथे भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनाची कार्डेही अशा ट्रंकांमधून निघतात. दुसरीकडे, ब्रिटनमध्येच स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आपण राहतो त्या गावाच्या जुन्या गोष्टी शेजारच्या वृद्धांकडून ऐकू लागली आहेत. मी यॉर्कशरमधील एका जुन्या गिरणीगावात राहते आणि शेजारीपाजारी विश्वासाने हाती देतात ते फोटो स्कॅन करून त्यांच्या नोंदी ठेवते. या कामात सर्वांत मोठे नुकसान चुकीच्या सनामुळे होते, कारण फोटोच्या पाठीवर एकदा लिहिलेला सन पुढची पिढी तपासून पाहत नाही, तो खरा धरूनच चालते.

टपालाचा शिक्का म्हणजे फोटोची तारीख नव्हे

पोस्टकार्डावरील शिक्का वाचला की काम झाले, असे समजण्याची चूक सर्रास होते. कार्ड कोणत्या दिवशी टपालात पडले, एवढेच शिक्का सांगतो. प्रकाशक एकाच काचेच्या निगेटिव्हवरून वर्षानुवर्षे कार्डे छापत आणि गावातील दुकानदार शिल्लक साठा संपेपर्यंत विकत असे, त्यामुळे १९११ साली पाठवलेल्या कार्डावरील रस्ता प्रत्यक्षात १८९५ सालचाही असू शकतो. तिकिटावरील राजाही असाच चकवतो. सातवा एडवर्ड मे १९१० मध्ये वारला, पण पाचव्या जॉर्जची पहिली तिकिटे जून १९११ मध्ये निघाली, म्हणून मधल्या वर्षभराच्या टपालावर दिवंगत राजाच दिसतो.

शिक्का पुसट असेल किंवा कार्ड कोरेच राहिले असेल, तर कार्डाची पाठ वाचावी. खासगी प्रकाशकांची चित्रकार्डे टपालातून पाठवण्यास ब्रिटनमध्ये १८९४ साली परवानगी मिळाली, तेव्हा पाठीवर फक्त पत्ता लिहिता येत असे आणि मजकूर चित्राच्या बाजूला उरलेल्या जागेत कोंबावा लागे. १९०२ पासून पाठीच्या मधोमध रेघ आली आणि डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी विभागणी झाली. देशांतर्गत कार्डाचा दर जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी होता, त्यानंतर तो एक पेनी झाला, १९२१-२२ मध्ये वर्षभर दीड पेनी होऊन पुन्हा खाली आला आणि मे १९४० मध्ये दोन पेनींवर गेला. अनेक कार्डांवर तिकिटाच्या चौकोनातच दर छापलेला असतो, त्यामुळे कोऱ्या कार्डाचाही काळ बऱ्यापैकी आवळता येतो.

मोठ्या संग्रहांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. फ्रान्सिस फ्रिथ यांनी १८६० मध्ये सुरू केलेल्या कंपनीने शंभर वर्षांहून अधिक काळ ब्रिटनमधील गावोगावचे फोटो काढले आणि आज ते सहज पाहायला मिळतात. तेथे सनाआधी ‘सी’ हे अक्षर असेल, तर तो सन ‘सुमारे’ आहे. ‘सी १९५५’ अशी नोंद उतरवून घेताना ते अक्षर गाळले की अंदाजाचा पुरावा होऊन बसतो.

चित्रातील सर्वांत नवी वस्तू शोधा

जुन्या मोटारीवरून किंवा बायकांच्या टोप्यांवरून सन ठोकून देण्याचा मोह फार होतो. परंतु १९३४ ची मोटार १९५२ मध्येही रस्त्यावर धावत होती आणि वृद्ध स्त्रिया आपल्या तरुणपणीच्या धाटणीचेच कपडे पुढे अनेक वर्षे घालत. जुनी वस्तू फारसे काही सिद्ध करत नाही; फोटोतील सर्वांत नव्या वस्तूपेक्षा फोटो जुना असू शकत नाही, हे सूत्र मात्र कधी दगा देत नाही. वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची, काचांच्या आठ ओळी असलेली लहान लाल टेलिफोन पेटी दिसली, तर फोटो १९३६ च्या पुढचा आहे. रस्ता ओलांडण्यासाठी काळे-पांढरे पट्टे असतील, तर तो १९५१ नंतरचा. मोटारीच्या क्रमांकाच्या शेवटी वर्ष दर्शवणारे अक्षर १९६३ पासून येऊ लागले. चौकातील युद्धस्मारक बहुधा १९२० नंतरचे असते आणि त्यावरील कोनशिलेचा सन आजही जागेवर जाऊन वाचता येतो. दुकानाच्या काचेवर शिलिंगमध्ये भाव असतील, तर फोटो १५ फेब्रुवारी १९७१ च्या दशमान पद्धतीआधीचा धरण्यास हरकत नाही.

एखादी वस्तू दिसत नाही, यावरून निष्कर्ष काढताना मात्र हात आखडता घ्यावा. १९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनभर रस्त्यांवरील दिशादर्शक पाट्या आणि स्थानकांवरील नावे काढून टाकण्यात आली होती. नुसता खांब उभा आहे आणि पाटी नाही, असे दिसले तर तो आडवळणाचा रस्ता समजण्याआधी युद्धकाळ आठवावा.

आमच्या गल्लीतील एका आजींनी मला जेमतेम तीन इंची फोटो दिला होता. गल्लीत लांबलचक टेबले मांडलेली आहेत, पताका लावल्या आहेत, मुले कागदी टोप्या घालून बसली आहेत. “युद्ध संपले त्या दिवसाची ही मेजवानी, आणि ही कोपऱ्यातली मी,” असे त्यांनी सांगितले. आजींचा जन्म १९४० चा, कोपऱ्यातली मुलगी पाच वर्षांची, सगळे जुळत होते, म्हणून मी ‘मे १९४५’ अशी नोंद करून टाकली. पुढे दोन वर्षांनी तोच फोटो बाराशे डीपीआयवर, म्हणजे इंचामागे बाराशे ठिपके इतक्या बारकाईने, पुन्हा स्कॅन केला, तेव्हा डावीकडच्या धुराड्यावर इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची टीव्हीची अँटेना स्पष्ट दिसली. युद्धाआधी टीव्हीचे प्रक्षेपण फक्त लंडनच्या परिसरापुरते होते. मिडलँड्समधील सटन कोल्डफील्डचे केंद्र डिसेंबर १९४९ मध्ये आणि आमच्या भागासाठीचे होम मॉस केंद्र १२ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाले. म्हणजे यॉर्कशरमधील या धुराड्यावर १९४५ साली ती अँटेना असणे शक्यच नव्हते. टेबलांखालचे दगडी फरसबंद ओले आहे, आणि २ जून १९५३ रोजी, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेक सोहळ्याच्या दिवशी, पाऊस होता, हेही सर्वज्ञात आहे. आजी तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. कोपऱ्यातली पाच वर्षांची मुलगी त्यांची धाकटी बहीण निघाली.

गाव तेच असेलच असे नाही

डार्बीशरमधील डरवेंट या गावाची गोष्ट या संदर्भात मला सतत आठवते. लेडीबाउअर धरणाच्या पाण्याखाली डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन गावे गेली आणि १९४५ साली सहाव्या जॉर्जच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. डरवेंटच्या चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर डोकावत ठेवला होता, पण सुरक्षिततेच्या कारणास्तव डिसेंबर १९४७ मध्ये तोही पाडण्यात आला. २०१८ किंवा २०२२ सारख्या कोरड्या वर्षी पाणी उतरले की गावातील घरांचे चौथरे उघडे पडतात, आणि आपण तेव्हा मनोराही पाहिला असे सांगणारे लोक भेटतात. ते खोटे बोलत नसतात. पाण्यातून वर आलेल्या मनोऱ्याचा फोटो त्यांनी इतक्यांदा पाहिलेला असतो की तो फोटोच त्यांची आठवण झालेला असतो. मनोरा पाण्यात उभा दिसत असेल, तर फोटो धरण भरू लागल्यापासून डिसेंबर १९४७ पर्यंतच्या अल्पकाळातीलच असणार.

याच गावातील दगडी पुलाने अनेकांना फसवले आहे. लादलेल्या घोड्यांसाठी बांधलेला हा अरुंद पूल गाव बुडण्याआधी दगड न् दगड उतरवून ठेवण्यात आला आणि १९५९ साली खोऱ्यात वरच्या अंगाला, स्लिपरी स्टोन्स येथे पुन्हा उभारण्यात आला. पूल एकच, जागा दोन. मागे घरे व झाडी दिसत असेल तर ते बुडालेले डरवेंट आहे. मागे उघडे माळरान असेल, तर फोटो १९५९ नंतरचा आहे. मुख्य वस्तू ओळखू आली म्हणून तेथेच थांबू नये, पार्श्वभूमीही वाचावी.

नावांच्या बाबतीत तर अधिकच घोळ होतात. न्यूपोर्ट वेल्समध्ये आहे, आइल ऑफ वाइटवर आहे, श्रॉपशरमध्ये आहे आणि एसेक्समध्येही आहे. रिचमंड यॉर्कशरमध्ये आहे आणि लंडनजवळही आहे. त्यात काउंट्यांच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, सीमा बदलल्या. १ एप्रिल १९७४ रोजी सॅडलवर्थ यॉर्कशरमधून ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले, बोर्नमथ हॅम्पशरमधून डॉर्सेटमध्ये आणि अॅबिंग्डन बर्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये गेले. वेम्बली आणि साउथॉल १९६५ पर्यंत मिडलसेक्समध्ये होती. आजच्या काउंटीच्या नावाने जुन्या सूचीत शोधून काही हाती लागत नाही, तेव्हा निराश न होता जुन्या काउंटीच्या नावाने शोधावे. रस्त्याची ओळख पटवण्यासाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचे जुने नकाशे विनामूल्य खुले केले आहेत, आणि त्यांत केवळ स्कॉटलंडच नव्हे तर इंग्लंड व वेल्सही आहेत. दुकानाच्या पाटीवरील आडनाव वाचता आले, तर लेस्टर विद्यापीठाने खुल्या केलेल्या जुन्या व्यापारी निर्देशिकांत तो दुकानदार कोणत्या वर्षी तेथे होता हे सापडू शकते. जनगणनेची मात्र एक अडचण आहे. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, पण इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची कागदपत्रे १९४२ मधील आगीत जळाली आणि १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. या पोकळीत १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेली रहिवाशांची नोंद, कामी येते.

उलटे गाव आणि बनावट रंग

फोटोतील गल्ली आजच्या गल्लीशी कशीच जुळत नसेल, तर काचेचे निगेटिव्ह उलट्या बाजूने छापले गेले नाही ना, हे पाहावे. दुकानाची पाटी, पुरुषांच्या कोटाची बटणे आणि घड्याळातील आकडे हे तेव्हा साक्ष देतात. रंगीत कार्डांवरून दाराचा किंवा साइनबोर्डाचा रंग कधीही ठरवू नये. पहिल्या महायुद्धापूर्वीची अशी पुष्कळ कार्डे जर्मनीत छापली जात आणि रंग भरणाऱ्याने ते गाव पाहिलेले नसे. आज संगणकाने भरलेले रंग त्याच जातीचे आहेत. चेहरे ‘स्पष्ट’ करून देणारी साधने तर वापरूच नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण आजीच्या आईचा म्हणून जो चेहरा ती दाखवतात तो तिचा नसतो.

आठवण विचारताना

आठवणीतला सन चुकतो म्हणून आठवण टाकून देणे, ही सर्वांत वाईट चूक होय. १९४७ चा हिवाळा आणि १९६२-६३ चा हिवाळा लोकांच्या मनात एकमेकांत मिसळलेले असतात, कारण दोन्ही वेळी आठवडेच्या आठवडे बर्फ हटले नव्हते. अशा वेळी “हे १९४७ चे ना?” असा प्रश्न विचारला की समोरची व्यक्ती मान डोलावते आणि चूक पक्की होते. त्याऐवजी घरात कोळसा होता का, वीज जात होती का, असे विचारावे. कोळशाची टंचाई आणि वीजकपात १९४७ ची. केंटमधील हर्न बे येथे समुद्र गोठला तो १९६३ सालच्या कडाक्यात. मिठाईची आठवण निघाली, तर शिधापत्रिकेची कुपने द्यावी लागत होती का, हे विचारावे. मिठाईवरील नियंत्रण फेब्रुवारी १९५३ मध्ये कायमचे उठले.

काही गोष्टी मात्र वृद्धांच्या स्मरणात अचूक टिकतात. आमच्या आजींना मेजवानीचे वर्ष सांगता आले नाही, परंतु सहकारी दुकानातील आईचा सभासद क्रमांक त्यांनी एका दमात म्हणून दाखवला. १८४४ साली रॉचडेलमध्ये सुरू झालेल्या सहकारी दुकानांत प्रत्येक खरेदीच्या वेळी हा क्रमांक सांगावा लागे आणि त्यावर लाभांश, म्हणजे त्यांच्या भाषेतील ‘डिव्ही’, मिळे. सामान आणायला धावणाऱ्या मुलांनी तो पाढ्यासारखा पाठ केलेला असे. गल्लीतील दुकाने एका टोकापासून क्रमाने सांगायला लावली, तर तीही सहसा चुकत नाहीत. म्हणून सनाचा प्रश्न सर्वांत शेवटी, किंवा विचारूच नये. क्रम, वास, पाठांतर आणि शेजाऱ्यांची नावे आधी विचारावीत.

फोटो हाताळताना

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये आणि काचेला चिकटलेला फोटो सोडवू नये, तो काचेसकट स्कॅन करावा. फाटलेल्या फोटोला सेलोटेप लावू नये. पाठीवर बॉलपेनने लिहू नये; मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात आणि मूळ फाइल दुरुस्तीशिवाय जपून ठेवावी. हाती प्रत आहे म्हणजे छापण्याचा हक्कही आहे, असे नसते. ब्रिटनमध्ये छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. फोटोत ओळखू येणाऱ्या हयात माणसांची नावे त्यांना विचारल्याशिवाय लिहू नयेत.

आजींच्या त्या फोटोची नोंद मी पुन्हा केली. वरच्या रकान्यात ‘अँटेनेवरून १९५१ नंतर, बहुधा जून १९५३’ असे आहे. खालच्या रकान्यात त्यांचेच शब्द आहेत. त्या दिवशी जेलीच्या वाटीत पावसाचे थेंब पडत होते, आणि कोणीही टेबलावरून उठले नाही.