डोमेनची मुदत कधी संपते हे पायथनमधून कसे पाहावे

डोमेनच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या 'हूइज' सेवेला पायथनमधून विचारण्यासाठी पिपने (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) 'पायथन-हूइज' हे पॅकेज बसवावे. नुसत्या 'हूइज' नावाचे पॅकेज वेगळे असून दोन्ही एकाच नावाने इम्पोर्ट होतात, त्यामुळे चुकीचे बसले तर 'हूइज' हे फंक्शनच सापडत नाही, कारण तिथे त्याच्या जागी 'क्वेरी' असते. त्यानंतर 'एचटीटीपीएस' वगैरे न जोडता नुसते डोमेन फंक्शनला द्यावे. उत्तरात डोमेनच्या मालकाचे नाव शोधत बसू नये. मे 2018 मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यापासून ते बहुधा झाकलेलेच असते.

खरी मेख मुदतीच्या तारखेत आहे. डॉट कॉमची विचारणा आधी व्हेरिसाइन कंपनीच्या रजिस्ट्रीकडे (सर्व डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही) व मग रजिस्ट्रारकडे (ग्राहकाला डोमेन विकणारी कंपनी) जाते, त्यामुळे दोन्हीकडच्या तारखा जुळल्या नाहीत की एका तारखेऐवजी तारखांची यादी हाती येते. अशा वेळी 'यादीतली पहिली घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. मुदत संपताच रजिस्ट्री डोमेन आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि ते नूतनीकरण रद्द करायला रजिस्ट्रारला 45 दिवसांपर्यंत अवधी असतो. म्हणजे ग्राहकाने एक पैसाही भरलेला नसताना रजिस्ट्रीची तारीख पुढच्या वर्षाची दिसते. माझ्या एका ग्राहकाचे संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही बंद पडले, त्या सकाळी माझी स्क्रिप्ट मात्र साडेतीनशेहून अधिक दिवस शिल्लक असल्याचे सांगत होती. म्हणून यादीतली सर्वांत आधीची तारीख धरावी आणि 'स्टेटस'मध्ये 'ऑटो रिन्यू पीरियड' दिसल्यास तारीख कितीही लांबची असली तरी त्याच दिवशी रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन पैसे भरले गेल्याची खात्री करावी. तारखांची तुलना करण्यापूर्वी सगळ्या यूटीसीमध्ये आणाव्यात. काहींना टाइमझोन असतो, काहींना नसतो, आणि अशा दोन तारखांची तुलना पायथन करूच देत नाही.

तारखेच्या जागी 'नन' (पायथनमध्ये 'काहीच नाही') आले म्हणजे डोमेन मोकळे आहे असे समजू नये. भराभर विचारणा केल्यावर सर्व्हरही हात आखडता घेतात, तेव्हा दोन विचारणांमध्ये काही सेकंद थांबावे.

नवी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हूइजच्या जागी आलेले आरडॅपच वापरावे, कारण 28 जानेवारी 2025 पासून डॉट कॉमसारख्या जेनेरिक डोमेनांसाठी हूइज सेवा देण्याचे बंधन आयकॅन या डोमेन नावांचे नियमन करणाऱ्या संस्थेने काढले आहे. आरडॅपचे उत्तर जेसन या स्वरूपात येते, त्यातल्या 'इव्हेंट्स'मध्ये 'एक्स्पिरेशन' शोधावे. पण रजिस्ट्रीची तारीख तिथेही वर्षभर पुढे सरकलेली असू शकते, तेव्हा 'स्टेटस' तपासणे तिथेही टाळू नये.