नव्या गाडीत काही बसवण्याआधी

दसऱ्याला गाडी दारात येते आणि बंपरवरचा झेंडूचा हार सुकायच्या आत पुण्यातल्या नाना पेठेची फेरी ठरते. सीट कव्हर, मॅट, फॉगलॅम्प, बजेट उरलं तर मोठी अलॉय चाकं. फेरी जरूर मारा, पण त्याआधी एक संध्याकाळ घरी बसून काढा. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक पुस्तक असतं, जे कोणीही उघडत नाही. त्यात वॉरंटीत काय बसत नाही ते एका पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते पान शोधा, मोबाइलवर फोटो काढा आणि चष्मा लावून वाचा. एखाद्या पुस्तकात ‘बदलामुळे झालेला बिघाड’ असे शब्द असतात, तर एखाद्यात ‘बदल केलेली गाडी’. फरक दोन शब्दांचा, पण पहिल्यात मॅट टाकली म्हणून कोणी गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारू शकत नाही. दुसऱ्यात भांडायला जागा फार थोडी राहते. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या वाचा. टायर आणि बॅटरीची वॉरंटी तर बहुतेक वेळा ज्यानं त्या बनवल्या त्याच्याकडची असते.

दुकानदार म्हणेल, “वॉरंटीला काही होत नाही साहेब, रोज चार गाड्या करतो.” तेच वाक्य बिलावर लिहून मागा. आत्तापर्यंत मला एकानंही लिहून दिलेलं नाही.

आता वायरिंग. इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय. आधीच्या गाडीला फॉगलॅम्प बसवले. पोरगा चटपटीत होता. ब्लेडनं कंपनीच्या वायरचं आवरण सोललं, आपली वायर पिळून जोडली, वर काळी टेप गुंडाळली. वीस मिनिटांत दिवे लागले, मी खूश. दुसऱ्या पावसाळ्यात काचा वर-खाली व्हायच्या बंद झाल्या, मग सेंट्रल लॉक गेलं. सर्व्हिस सेंटरमध्ये ॲडव्हायझरनं बॉनेट उघडलं, ती टेप बोटानं जराशी उचलली, फोटो काढला आणि म्हणाला, “काका, हे आमचं काम नाही.” बिघाड खरंच त्या जोडामुळे होता का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तो नव्हता हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि बिल मीच भरलं. म्हणून दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, काहीही असो, कप्लरला (वायरच्या टोकाच्या प्लगला) कप्लर लागणारंच घ्यायचं. मूळ वायर कापावी, सोलावी लागणार असेल तर तिथूनच परत फिरा. जादा दिव्यांना रिले (जादा करंट वेगळ्या वायरनं नेणारा स्विच) आणि फ्यूजसकट वेगळं वायरिंग किट हवं. हेडलाइटचा साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास. त्याच वायरिंगवर १००/९० चा बल्ब चढवला की करंट आठच्या वर जातो. होल्डर आधी पिवळा पडतो, मग वितळतो. वितळलेला होल्डर घेऊन वॉरंटी मागायला जाऊ नका, तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा असतो.

अलॉय मोठे करायचे असतील तर ड्रायव्हरच्या दारापाशी चौकटीवर टायरच्या साइझचं स्टिकर असतं, तिथून सुरुवात करा. समजा मूळ टायर १८५/६५ आर १५ आहे. त्याऐवजी १९५/५५ आर १६ घातला तर टायरची एकूण उंची एक मिलिमीटरसुद्धा बदलत नाही. २०५/६० आर १६ घातला तर तीच उंची तीन सेंटिमीटरनं वाढते. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, वळताना टायर आत घासतो, आणि उद्या व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा आवाज आला की ॲडव्हायझरची नजर आधी चाकांवर जाते.

सीट कव्हर निरुपद्रवी वाटतं. पण पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला साइड एअरबॅगचा टॅग असेल तर त्या बाजूची शिवण एअरबॅगसाठीचीच हवी, नाहीतर बॅग वेळेवर उघडणार नाही. इथे वॉरंटीचा प्रश्नच नाही, जिवाचा आहे. बुलबार, म्हणजे पुढच्या बंपरवरचा लोखंडी बार, तोही त्याच कारणानं नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

सीएनजीचा विचार असेल तर मात्र घाई करू नका. बाहेरून किट लावलं की इंजिन आणि इंधन यंत्रणेची वॉरंटी बहुतेक वेळा गेलीच समजा. कंपनीचीही बाजू आहे: गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, आणि त्या हिशेबानं न बनवलेल्या इंजिनाची जबाबदारी कंपनी घेणार नाही. रोजचं रनिंग मोठं असेल तर कंपनी फिटेड सीएनजीच घ्या. घेऊन झाली असेल आणि तरी लावायचंच असेल, तर मान्यताप्राप्त किट, आरटीओची मंजुरी, बसवल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद, विम्याच्या पॉलिसीवर नोंद, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. नोंदीशिवाय गाडीत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न सांगितलेलं किट अपघातानंतर सापडलं की तिथलं भांडण वेगळंच.

रिमॅपिंग, म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं, वॉरंटी संपेपर्यंत नकोच. “सर्व्हिसला जाताना जुनी फाइल परत टाकून देतो” असं ट्यूनर सांगतो, पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर किती वेळा टाकलं, याची नोंद अनेक गाड्यांत राहते आणि स्कॅनर लावला की दिसते.

कागदांची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल, तारीख, त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग, बसवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो. सर्व्हिस एकही चुकवू नका, ते आणखी एक निमित्त होतं. बिघाड झाला तर जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. वॉरंटी नाकारली तर तोंडी ऐकून घरी येऊ नका. कोणता भाग नाकारला आणि तुमच्या बदलामुळे तो कसा बिघडला, एवढं ईमेलवर मागा. हे विचारल्यावर कधीकधी सूर बदलतो. नाहीच बदलला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. तिथे हा ईमेलच कामाला येतो.

आणि काढलेले मूळ भाग, म्हणजे चाकं, बल्ब, स्टिरिओ, अगदी स्क्रूसुद्धा दुकानात सोडू नका. खोक्यात भरून माळ्यावर ठेवा आणि खोक्यावर मार्करनं गाडीचा नंबर ठळक लिहा. आमच्याकडे नुसतं खोकं होतं. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याकडे गेलं.