लायसन्स संपलेल्या रॅकमाउंट फायरवॉलला घरी कामाला कसं लावायचं

ऑफिसातल्या फायरवॉलचं, म्हणजे इंटरनेट आणि आतल्या नेटवर्कच्या मध्ये बसून ये-जा तपासणाऱ्या डब्याचं, लायसन्स संपलं की नवीन डबा येतो आणि जुना स्टोअररूममध्ये धूळ खात पडतो, मग कधीतरी ई-वेस्टवाल्याच्या टेम्पोत जातो. आतलं हार्डवेअर मात्र बऱ्याचदा ठणठणीत असतं, म्हणजे साधा इंटेलचा पीसीच, फक्त चपटा आणि पुढे सहा-आठ लॅन पोर्टवाला. फायरवॉल बनवणाऱ्या सोफोस कंपनीच्या एक्सजी सिरीजचा सपोर्ट ३१ मार्च २०२५ ला संपला, त्यांच्याच जुन्या एसजी डब्यांवर चालणाऱ्या यूटीएम सॉफ्टवेअरची तारीख ३० जून २०२६, म्हणून उदाहरण त्यांचंच घेतो. यावर ओपीएनसेन्स नावाचं फायरवॉल सॉफ्टवेअर टाकायचं, ते फुकट आहे आणि लायसन्सची भानगडच नाही.

घ्यायच्या आधी

खरं काम इथेच आहे, बाकी सगळं एका रविवारी उरकतं. आत ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर पाहिजेच. फोर्टिगेट नावाच्या फायरवॉलच्या छोट्या मॉडेलमध्ये एआरएमवर आधारलेली त्यांची स्वतःची चिप असते, सोनिकवॉल कंपनीच्या बऱ्याच जुन्या डब्यांत मिप्स जातीची, त्यावर आपलं काही चालणार नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. दुसरं, बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडायला ओपनव्हीपीएन वापरणार असाल तर प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय, म्हणजे एन्क्रिप्शन वेगाने करण्याची सोय, आहे का बघा, इंटेलच्या जुन्या हॅसवेल पिढीच्या सेलेरॉन आणि पेंटियममध्ये ते नाही, नंतरच्या स्कायलेकवाल्यात आहे. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला त्याची गरज लागत नाही, त्यामुळे तेच वापरणार असाल तर जुनाही चालेल.

आणि इंटेल ॲटम सी२००० सिरीजपासून, म्हणजे सी२५५८, सी२७५८ वगैरे, जरा लांबच राहा. २०१७ मध्ये बाहेर आलं की या चिपमधला एक क्लॉक सिग्नल काही वर्षांनी मरतो आणि मग डबा चालूच होत नाही. नंतरच्या स्टेपिंगमध्ये, म्हणजे त्याच चिपच्या सुधारित आवृत्तीत, दुरुस्ती झाली, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला स्टेपिंग विचारलं तर तो तुमच्याकडे कसा बघेल ते तुम्हीच ठरवा.

विजेचा हिशोबही आत्ताच करा. डबा ३५ वॅट खात असेल तर वर्षाला साधारण ३०७ युनिट होतात, युनिटला १० रुपये धरले तरी तीन हजारांच्या वर गेले. वन बीएचकेत राहत असाल आणि ठेवायला वेगळी जागा नसेल तर माझं ऐका, छोटा बिनपंख्याचा मिनी पीसी घ्या आणि झोप वाचवा.

उघडा आणि साफ करा

प्लग काढा, थोडा वेळ थांबा, मग झाकण उघडा. पॉवर सप्लाय खोलायचा नाही, ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर ते भिंगरीसारखं फिरतं आणि बेअरिंग जातं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटण सेल बदलून टाका, दहा-वीस रुपयांसाठी पुढे तारीख चुकीची दाखवतोय म्हणून तासभर डोकं खाजवू नका. जुनी एसएसडी पुसा किंवा सरळ नवीन लावा, तिच्यात आधीच्या कंपनीचं कॉन्फिगरेशन आणि पासवर्ड असू शकतात, ते बघत बसू नका.

आता आवाज. ४० मिलीमीटरचे ते पंखे सर्व्हर रूमसाठी बनवलेले असतात. माझा डबा पहिल्यांदा चालू केला तेव्हा आईने आतून विचारलं, मिक्सर कुणी चालू ठेवलाय. शांत पंखे मिळतात पण दोन गोष्टी बघूनच बदला, कनेक्टरमधल्या वायरींचा क्रम तोच आहे का, आणि पंखा कमी वेगाने फिरला की बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर, बोंब मारतं का. बदलल्यावर तासभर चालवून तापमान बघायचं, नुसतं शांत झालं म्हणून खुश होऊ नका.

कन्सोल आणि इन्स्टॉल

मागे-पुढे व्हीजीए किंवा एचडीएमआय असेल तर मॉनिटर-कीबोर्ड लावा, सोपं काम. नसेल तर डब्याशी लॅपटॉपवरून बोलायला आरजे४५ कन्सोल केबल आणि यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लागेल, लॅपटॉपवर पुट्टी हे सॉफ्टवेअर. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर केबल वाईट म्हणून फेकू नका, आधी स्पीड बदलून बघा, बायोस ९६०० किंवा ३८४०० वर असू शकतं आणि ओपीएनसेन्स ११५२०० वर बोलतं, त्यामुळे मध्येच बदलावं लागतं.

ओपीएनसेन्सची इन्स्टॉल फाइल, म्हणजे इमेज, घेताना मॉनिटर असेल तर व्हीजीएवाली आणि फक्त कन्सोल असेल तर सिरीयलवाली घ्या, इथे हमखास गडबड होते. फाइल नीट उतरली का हे कळायला चेकसम जुळवा, फाइल अनझिप करा, रूफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहा, त्यावरून बूट करा. लॉगिनला युजर इन्स्टॉलर आणि पासवर्ड ओपीएनसेन्स, दोन्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत. डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि झेडएफएस ते जास्त चांगलं सहन करतं. रूट, म्हणजे मुख्य युजर, त्याचा पासवर्ड तिथेच बदला.

पोर्ट ओळखणं

डब्यावर १ लिहिलेलं म्हणजे सॉफ्टवेअरमधला पहिला पोर्ट असं बिलकुल समजू नका, क्रम उलटासुलटा असतो. सगळ्या वायरी काढून एकेक लावत जा, कुठला लिंक दाखवतो ते बघा आणि लगेच टेपवर लिहून चिकटवा.

काही डब्यांत बायपास जोड्या असतात, म्हणजे वीज गेली की आतला रिले दोन पोर्ट थेट एकमेकांना जोडून टाकतो. ऑफिसात ती सोय, पण घरी त्या जोडीत वॅन, म्हणजे इंटरनेटची बाजू, आणि लॅन, म्हणजे घरची बाजू, लावली तर डबा बंद असताना तुमचं घरचं नेटवर्क थेट बाहेर उघडं. बायोसमध्ये बायपास बंद करा, नाहीतर त्या जोडीतला एकच पोर्ट वापरा.

इंटरनेटवाल्याचा ओएनटी, म्हणजे फायबरची वायर येते तो डबा, बहुतेक १९२.१६८.१.१ वर असतो आणि ओपीएनसेन्सचं लॅनही तिथेच, म्हणून आपलं बदलून १९२.१६८.५०.१ करा. जमलं तर ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसतं कनेक्शन पुढे देणाऱ्या मोडमध्ये, टाकून घ्या, पीपीपीओई म्हणजे इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करण्याची पद्धत, तिचा युजर-पासवर्ड आपल्या डब्यात भरा. ब्रिज देत नसतील तर डबल नॅट, म्हणजे ओएनटी आणि आपला डबा दोघेही राउटरचं काम करतात, तसंच चालवून घ्यायचं, तेव्हा वॅनवरचा प्रायव्हेट नेटवर्क अडवण्याचा टिक काढा. पीपीपीओईवर गिगाबिट प्लॅन असेल तर हे लक्षात ठेवा, त्याचं काम बहुतेक एकाच कोअरवर पडतं, म्हणून जास्त कोअरपेक्षा वेगवान कोअर बरा.

वायफायसाठी जुना राउटर फेकू नका. त्याचा डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, पत्ता १९२.१६८.५०.२ द्या आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही.

शेवटी बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग ऑन करा, कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. मी हे सेटिंग विसरलो होतो आणि गावाला गेल्यावर लाइट जाऊन आली, तर चार दिवस घरचा कॅमेरा आंधळा होता, शेवटी शेजारच्या काकांना किल्ली शोधायला लावून फोन करून डब्याचं बटण दाबायला सांगावं लागलं.