सिकलसेल, थॅलेसेमिया आणि लग्न: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

"सर, माझा सिकल एएस आलाय, तिचा निगेटिव्ह. म्हणजे टेन्शन नाही ना?"

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याचा हा मेसेज आला. सोबत दोन रिपोर्टचे फोटो. साखरपुडा तीन आठवड्यांवर. मी विदर्भातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. मेंडेलचे वाटाणे फळ्यावर उंच-बुटके करून झाले, की पाच-सात वर्षांनी तीच पोरं असे रिपोर्ट घेऊन परत येतात. मी डॉक्टर नाही, हे दर वेळी आधी सांगतो. पण रिपोर्ट कुठे अर्धवट आहे ते दिसतं.

त्याचा रिपोर्ट इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा होता. एएस, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक: जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. तिच्या कागदावर एकच ओळ होती: सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह. मी म्हटलं, तिचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनच्या प्रकारांचं मोजमाप) करून घे, मग बोलू. आठवड्याने आकडे आले. हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६५, लाल पेशी ५६ लाख, आणि एचबी ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.३ टक्के. पोरीला सिकल नव्हताच. ती बीटा थॅलेसेमियाची वाहक होती.

"निगेटिव्ह" कशाचा, ते न विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी घेतो. सोल्युबिलिटी टेस्ट स्वस्त, झटपट आणि गावपातळीच्या शिबिरासाठी एकदम बरोबर आहे. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे का? ते एक पट आहे की दोन्हीकडून आलंय, म्हणजे एएस (वाहक) की एसएस (आजारी), हेसुद्धा ती सांगत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवण्याची कृती, म्हणजे तिचं जनुक, ११ व्या गुणसूत्रावर असते. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. सिकलमध्ये त्या कृतीत एकच अक्षर बदलतं आणि साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बीटा थॅलेसेमियात माल चुकीचा बनत नाही, तो कमी बनतो किंवा बनतच नाही. दोन्ही बिघाड एकाच जनुकातले. त्यामुळे बाळाला एका बाजूने सिकलची प्रत आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमियाची प्रत मिळाली, की चांगली प्रत हाती उरतच नाही. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. थॅलेसेमियाचा बिघाड पूर्ण असेल, तर हा आजार एसएसइतकाच त्रास देऊ शकतो.

आपल्याकडे लोकांची समजूत अशी, की सिकल म्हणजे गोंड, माडिया, भिल्ल, पावरा आणि विदर्भातल्या काही दलित समाजांचा, आणि थॅलेसेमिया म्हणजे सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशालींचा. प्रमाण या समाजांत जास्त आहे, हे खरं. पण त्यावरून "आमच्यात तो नसतो" म्हणून तपासणीच न करणं म्हणजे जनुकाने जातीचा दाखला काढलाय असं समजणं झालं.

तेव्हा लग्नाआधी दोघांचाही सीबीसी आणि एचपीएलसी करा. एकाचाच नाही, आणि नुसती सोल्युबिलिटीही नाही.

वाहकाला रोगी समजणं

एएस असलेला माणूस आजारी नसतो. तो शेत नांगरतो, पोलीस भरतीला पळतो, बाई असेल तर बाळंतपणंही होतात. एक चांगली प्रत त्याचं काम भागवते. उलट मलेरियाच्या जंगलपट्ट्यात या एका प्रतीने त्याच्या पूर्वजांना गंभीर मलेरियापासून वाचवलं. म्हणून तर ही प्रत तिथे इतकी टिकली.

तरी घराघरात काय चालतं? मुलगी वाहक निघाली की रिपोर्ट कपाटात जातो. मुलाकडचे कळल्यावर सोयरीक मोडतात, मुलगा स्वतः तपासलेला नसताना! एक वाहक आणि एक पूर्ण नॉर्मल असेल, तर त्यांच्या कोणत्याही मुलाला हा आजार होत नाही. दर खेपेला निम्मी शक्यता बाळ वाहक असण्याची, बस. प्रश्न येतो तो दोघंही वाहक असले तरच. आणि लपवण्याने नेमकं तेच जुळून येतं.

अगदी एसएस असलेल्या मुलीने पूर्ण नॉर्मल मुलाशी लग्न केलं, तरी मुलं सगळी वाहक होतील, आजारी एकही नाही. तिची गरोदरपणातली जोखीम वेगळी, आणि ती मोठी आहे. त्यासाठी तज्ज्ञ हवाच.

"चारातलं एक झालं, आता तीन मोकळी"

२५ टक्के हा आकडा मी वर्गात दोन नाणी उडवून शिकवतो. एक नाणं आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. दोन्ही काटे पडले की आजार. चार शक्यतांतली एक. मुलं मान हलवतात. मग विचारतो, पहिल्याच फेरीत दोन्ही काटे पडले, आता पुढच्या तीन फेऱ्यांत काय होईल? अर्धा वर्ग म्हणतो, सुटलो.

नाण्याला आठवण नसते. दुसऱ्या बाळालाही तीच चारात एक शक्यता, तिसऱ्यालाही तीच. दोघं वाहक असलेल्या जोडप्याला चार मुलं झाली, तर चारही आजारमुक्त असण्याची शक्यता साधारण ३२ टक्के निघते. चारांत नेमकं एकच आजारी असण्याची ४२ टक्के. उरलेल्यांच्या घरी एकाहून अधिक मुलं आजारी असतात. "पहिला गेला, दुसरा देवाने चांगला देईल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावर वाद घालत नाही, खिशातून नाणी काढतो.

याच हिशेबातली एक बारीक चूक शिकलेले लोकही करतात. भावाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि बहीण ठणठणीत. ती वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतात निम्मी. पण ती आजारी नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणजे चार घरांतलं एक घर बाद. उरली तीन: एक पूर्ण चांगलं, दोन वाहक. शक्यता तीनात दोन. अशा बहिणीची एचपीएलसी "बघू नंतर" वर टाकायची नसते.

वंशावळीत बाया न मांडणं

जात पडताळणीची वंशावळ ज्यांनी काढली आहे त्यांना ठाऊक आहे: पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, वडील, चुलते, चुलतभाऊ. वडिलांकडचं रक्तनातं. आत्या लग्न होऊन गेली की कागदावरून गेली. आजी तर कुठे येतच नाही. समुपदेशनाला गेल्यावर लोक अशीच वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि वर सांगतात, "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही."

जनुकांच्या वंशावळीत आजी, मावशी, मामा, आत्याची मुलं सगळी लागतात. लहानपणी दगावलेली मुलं लागतात, आणि "त्याला सारखं अंग दुखायचं, कावीळ उतरायची नाही" असं ज्याच्याबद्दल सांगतात तो मामाही लागतो. शिवाय वाहक कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. बिघडलेली प्रत पिढ्यान्पिढ्या गुपचूप पुढे सरकते आणि दुसरी तशीच भेटली की मगच आजार दिसतो. घराण्यात कुणी नसणं हा पुरावा नव्हे.

गोत्राचंही तेच. सगोत्र नको म्हणून स्थळ मोडणारी घरं मामाच्या मुलीशी लग्न आनंदाने लावतात, कारण गोत्र वेगळं. आता हिशेब बघा. मामेबहीण आणि आत्तेभाऊ यांच्यात सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. दहा-बारा पिढ्यांपूर्वी एक पूर्वज असलेल्या सगोत्र अनोळखी माणसाशी जवळजवळ काहीच नाही. गोत्र बापाच्या बाजूने चालतं, जनुकं दोन्ही बाजूंनी. नात्यातल्या लग्नातली सगळी मुलं आजारी होतात असं अजिबात नाही, बहुतेक चांगलीच असतात. पण जन्मजात दोषांची जोखीम इतरांच्या साधारण दुप्पट धरतात. घरात सिकल किंवा थॅलेसेमिया असेल, तर त्या दोघांची तपासणी आधी, बस्ता नंतर.

रक्तगटावरून घाबरणं

"दोघांचाही ओ पॉझिटिव्ह आहे, मुलं व्यंग होतात म्हणे." नाही होत. नवरा-बायकोचा रक्तगट एक असण्याचा आणि आनुवंशिक आजाराचा काडीचाही संबंध नाही. लक्ष द्यायचं ते बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे: २८ व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. लग्न मोडायचं कारण तेही नव्हे.

"रक्त कमी आहे" म्हणून वर्षानुवर्षं आयर्न

सुरुवातीच्या त्या मुलीचंच घ्या. दहावीपासून तिला रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या. हिमोग्लोबिन अकराच्या फार वर सरकेना. कुणी सीबीसीतल्या बाकीच्या ओळी वाचल्याच नव्हत्या. लोह कमी पडतं तेव्हा पेशी लहान होतात आणि साधारणपणे संख्येनेही घटतात. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान, पण संख्येने भरपूर. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या आकड्याने भागून बघा: ६५ भागिले ५.६, म्हणजे साडेअकराच्या आसपास. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. हा फक्त संशय. निदान एचपीएलसीचं; ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर गेला की वाहक असण्याची दाट शक्यता, आणि सीमेवरच्या आकड्याला डॉक्टरच लागतात.

यातही एक खोच आहे. वाहक असून लोहही कमी असेल, तर ए-टू खाली उतरून रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघून, लोह भरून काढून तपासणी पुन्हा करावी लागते. आणि हे वाचून गरोदर बाईच्या गोळ्या कृपा करून बंद करू नका. वाहकालाही लोहाची कमतरता होतेच.

चुकीच्या वेळी तपासणं

रक्त चढवल्यावर लगेच केलेली एचपीएलसी ही निम्मी रक्तदात्याची तपासणी असते. साधारण तीन महिने थांबा. थांबणं शक्य नसेल तर आईबापांची करा, किंवा डीएनए तपासणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटीही फसवी, कारण बाळाच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. ते ओसरलं की त्याच सुमाराला सिकलचा त्रासही सुरू होतो: हातापायांची बोटं सुजतात, बाळ रडत राहतं, आणि घरचे म्हणतात नजर लागली.

पण खरी घाई गरोदरपणात असते. दोघं वाहक असल्याचं पाचव्या महिन्यात कळलं, तर हाताशी वेळ फार थोडा उरतो. गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १६ व्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी आईबापांच्या जनुकात नेमका कोणता बिघाड आहे ते शोधलेलं असावं लागतं. थॅलेसेमियात तर त्याचे शेकडो प्रकार आहेत, आणि ते दिवस गेल्यावर शोधायला घेतलं तर आठवडे हातातून निसटतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जी रक्तविकारांची संस्था आहे, तिथे हे काम होतं. गर्भलिंग निदानाच्या कायद्याला घाबरून काही जण जातच नाहीत. तो कायदा लिंग सांगायला मनाई करतो. नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजाराची तपासणी त्यात बसते.

प्रत्येक आजाराला हाच नियम लावणं

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून आजारी बापाच्या मुलाला त्याच्याकडून हिमोफिलिया येत नाही. मुली मात्र सगळ्या वाहक, आणि त्यांतल्या काहींना स्वतःलाही जास्त रक्तस्राव होतो. मुलाला हिमोफिलिया निघाला की सासर सुनेच्या माहेराकडे बोट दाखवतं. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या घरांत मात्र मागे कुणालाच तो नसतो, बदल नव्यानेच झालेला असतो. डाउन सिंड्रोम तर बहुतेक वेळा वारशाने येतच नाही, २१ वं गुणसूत्र वाटणीत एक जास्त पडतं. आणि "कॅरिओटाइप नॉर्मल आला, म्हणजे आनुवंशिक काही नाही" हेही धरू नका. कॅरिओटाइपमध्ये पूर्ण गुणसूत्रं मोजतात. पुस्तकाची पानं मोजून त्यातली एका अक्षराची चूक सापडत नसते.

त्या दोघांनी लग्न केलं. घरी चार दिवस रडारड झाली, मग दोघं समुपदेशकाकडे जाऊन आली, दोघांचेही डीएनएचे रिपोर्ट तयार करून फाइलला लावले. दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याने चपला घालता घालता विचारलं, "सर, दिवस गेले की किती आठवड्यांनी डॉक्टरांना फोन करायचा?"

म्हटलं, ज्या सकाळी कळेल त्याच सकाळी.