लाँगबोर्ड घ्यायचाय? आधी रस्ता सांगा

नागपूरच्या भाच्याने परवा चार लाँगबोर्डांचे, म्हणजे लांबुडक्या स्केटबोर्डांचे, फोटो पाठवले. "मावशी, यातला कोणता घेऊ?" चारही बोर्डांवर मावळता सूर्य आणि नारळाची झाडं. मी उलट विचारलं, तुमच्या घरासमोरचा रस्ता डांबरी आहे की सिमेंटचा? त्याला वाटलं मावशी विषय टाळतेय.

मी बर्लिनला राहते. ३८व्या वर्षी पहिल्यांदा लाँगबोर्डवर उभी राहिले ("या वयात काऊन?" इति आई) आणि पहिला बोर्ड अशाच एका सूर्यास्ताला भुलून घेतला. घरापासून दहा मिनिटांवर टेम्पलहोफचं मैदान आहे. २००८मध्ये बंद झालेला हा विमानतळ २०१०पासून लोकांना फिरायला खुला आहे. जवळजवळ दोन-दोन किलोमीटरच्या दोन धावपट्ट्या, गाड्या नाहीत, सिग्नल नाही. फक्त वारा आहे. पश्चिमेचा वारा सुटला की एकीकडे जाताना दमछाक आणि परतताना फुकटची सवारी. माझा बोर्ड चुकलाय हे मला त्या वाऱ्यानेच सांगितलं.

तो होता पिनटेल, म्हणजे शेपटीकडे निमुळता होत जाणारा. हा आकार सर्फिंगच्या फळीवरून आलाय. यात ट्रक, म्हणजे चाकांचा धातूचा सांगाडा, फळीच्या खालून लावतात. त्यामुळे फळी उंच राहते. माझी जमिनीपासून साडेबारा सेंटीमीटरवर होती. उंचीचा फायदा असा की अंग जरा कललं तरी बोर्ड झोकात वळतो. हलक्या उतारावर नागमोडी जायला पिनटेलसारखं सुख नाही. पण सपाटीवर पायाने ढकलायचं असेल तर दर वेळी बोर्डावरचा गुडघा वाकवून दुसरा पाय जमिनीला टेकवावा लागतो, म्हणजे अर्धी पायरी उतरा, अर्धी पायरी चढा. वाऱ्याविरुद्ध २ किलोमीटर गेल्यावर माझा डावा गुडघा संपावर गेला.

वर चाकाने फळीला चावा घेतला. गंमत नाही, याला खरंच 'व्हीलबाइट' म्हणतात. जोरात वळताना चाक फळीला घासतं, बोर्ड जागीच थांबतो आणि आपण पुढे जातो. दोन्ही तळहात सोलून निघाले. म्हणून कुठलाही बोर्ड घेण्याआधी तो जमिनीवर ठेवा, एका कडेवर सगळा भार द्या आणि चाक फळीला टेकतंय का ते वाकून बघा. टेकत असेल तर ट्रकच्या मधला नट थोडा आवळा किंवा ट्रक आणि फळीच्या मध्ये रायझर नावाची पट्टी टाका. ते करायला दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

दुसरा बोर्ड मी ड्रॉप-थ्रू घेतला. यात फळीला आरपार खाच असते, ट्रकची बैठक वरून बसते आणि फळी तेवढी खाली येते. माझी साडेनऊ सेंटीमीटरवर आहे. तीन सेंटीमीटरचाच फरक, पण गुडघ्याला कळतो. चाकांच्या वर फळी कापलेली असल्याने चावाही बसत नाही. आणि मुख्य म्हणजे पाय घासून थांबता येतं. लाँगबोर्डला ब्रेक नसतो. मागचा पाय अलगद जमिनीवर टेकवत वेग मारायचा, हाच ब्रेक. फळी जितकी खाली, तितकं हे सोपं. नवख्याने डोळे मिटून हाच घ्यावा असं माझं मत आहे. नागमोडी वळणांची मजा थोडी कमी होते, होऊ दे.

याहून बुटका डबल-ड्रॉप असतो. त्यात फळीसुद्धा मध्ये खाली वाकवलेली असते. लांब पल्ल्याला उत्तम, पण गतिरोधक आला की पोट घासतं. आपल्याकडचे गतिरोधक आठवून मी भाच्याला तो सुचवलाच नाही.

डान्सर मात्र मोह घालतो. १२० सेंटीमीटरच्या आसपास लांब, लवचिक फळी, तिच्यावर पाय ओलांडत चालायचं, गिरक्या घ्यायच्या. मैदानावर संध्याकाळी काही मुली तो असा चालवतात की बघत राहावं. पण तो जड असतो आणि मेट्रोच्या गर्दीत घेऊन शिरलं की शेजारच्या आजोबांचं तोंड वाकडं होतं. दुसरा बोर्ड म्हणून घ्यावा. डाउनहिल बोर्ड कडक, आखूड, घाटातल्या वेगासाठी बनवलेला. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणि रस्त्यावर हात टेकवून घसरता येतील असे हातमोजे नसतील तर त्याचं नाव काढू नका. आणि कॉलेजला जाताना बसमध्ये काखेत धरायचं असेल, तर ७०-८० सेंटीमीटरचा क्रूझर बरा, शेपूट उचललेली असते म्हणून पदपथाची कड चढता येते.

प्रकार ठरला की फळीवर उभं राहून बघा. टाचा आणि बोटं दोन्ही कडांपर्यंत पोचली पाहिजेत. म्हणजे रुंदी साधारण पायाइतकी, २३ ते २५ सेंटीमीटर. हलकं उसळल्यावर फळी थोडी दबून परत आली तर ठीक, पोट जमिनीकडे जायला लागलं तर ती तुमच्या वजनाची नाही. एकच फळी कमी-अधिक लवचिकतेत मिळते, सोबत वजनाचा तक्ता असतो, तो बघा. बांबू लवतो आणि धक्का गिळतो, मेपल जास्त ताठ.

आता चाकं. लोक फळीवर भाळतात, पण रस्त्याला चाक लागतं, फळी नाही. व्यास ७० मिलिमीटरच्या आसपास आणि कडकपणा ७८ए ते ८०ए. आकडा जितका लहान तितकं चाक मऊ. स्वस्तातल्या बोर्डांना कडक प्लास्टिकची चाकं असतात, बारीक खडा आला तरी ती अडतात. अंगठ्याच्या नखाने दाबून बघा, किंचितही दबलं नाही तर पुढच्या बोर्डाकडे वळा. बेअरिंगवरच्या एबेक आकड्याला भुलू नका. तो बनावटीतल्या अचूकपणाचा आकडा आहे, वेगाचा नाही. पावसात चालवलंत तर कुठल्याही आकड्याचं बेअरिंग गंजतं.

म्हणून मी भाच्याला रस्ता विचारला होता. त्याच्याकडे सिमेंटचा रस्ता आहे. सिमेंटवर चाक छान पळतं, पण ठरावीक अंतरावर सांधा येतो आणि प्रत्येक सांध्याला धक्का बसतो. त्याला सांगितलं: ड्रॉप-थ्रू, बांबूची फळी, ७५ मिलिमीटरचं ७८ए चाक. बजेट आखडलं तर साधी फळी चालेल, चाकांत काटकसर नको. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मात्र त्याच दिवशी, त्याच बिलात.

पुढे कोणता पाय ठेवायचा हे त्याने विचारलं नाही, तरी सांगितलं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत जा आणि घसर. जो पाय आपोआप पुढे जाईल तो पुढचा. तासाभराने त्याचा मेसेज आला, "उजवा. आणि आजीची कुंडी फुटली."